सेटल

"सेटल झालीस का?"
देवधर मॅडम विचारतात, हातमोजे काढता काढता.
मी म्हणते, हो. मग म्हणते, हळूहळू.
मग काहीच नाही, कारण त्या
डबा धुवायला गेलेल्या असतात.

हा शब्द माझ्या रोजच्या कामातला.
सकाळी नऊपासून तेच बघते:
काचेच्या बारीक नळ्या, स्टँडमध्ये उभ्या,
प्रत्येकीत कुणाचं तरी रक्त
आणि तासाभराचा टायमर.
लाल पेशी खाली बसत जातात,
वर उरतं वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी.
ते किती मिलिमीटर, एवढंच लिहायचं.
कोथरूडच्या आजोबांचं बारा.
वारज्याच्या एका बाईचं अठ्ठ्याण्णव.
अठ्ठ्याण्णव म्हणजे आत कुठेतरी आग आहे.
निरोगी रक्ताला बसायची घाई नसते,
ते बराच वेळ तरंगत राहतं.

हे मॅडमना कशाला सांगू?
त्यांनीच तर शिकवलं:
नळी कललेली नको, टेबल हललेलं नको,
नाहीतर आकडा खोटं बोलतो.

पहिल्या महिन्यात माझंच टेबल हलत होतं.
"जेवण करून राहिली," म्हटलं
तर कँटीनमध्ये दोघं हसले. वाईट मनानं नाही.
पण दुसऱ्या दिवशी मी वाक्य आधी मनात जुळवलं,
मग म्हटलं, "जेवतेय."
तोवर भात गार झाला होता.
एप्रिलमध्ये सगळे म्हणाले, काय उकाडा आहे!
अडतीस होतं.
मी बल्लारपूरची. अडतीसला आमच्याकडे
भर दुपारी मांडवात पंगती बसतात.
तरी मीही ओढणीनं वारा घेतला,
नसलेला घाम पुसला.

हे कुठल्या नळीत मोजायचं?

आई रविवारी फोन करते.
सेटल हा शब्द तिनं
मामेभावांच्या लग्नासाठी राखून ठेवलाय.
मला विचारते,
"गमते का वं तुले तिथं?"

तस्लीमला विचारलं, ती माझी रूममेट, धाराशिवची,
तुमच्याकडे काय म्हणतात गं?
म्हणाली, करमतं का.
घरमालकीणबाईही करमतं का म्हणतात.
म्हणजे या मजल्यावर
न गमणारी मी एकटीच.

"गमते," मी सांगते.
आई बोलता बोलता कुकरच्या शिट्ट्या मोजते,
तिसरीला गॅस बंद करते,
आणि फोनमधून येतो कागद कारखान्याचा तो वास,
शाळेत जाताना आम्ही ज्याला नाक दाबून पळायचो.
आता मी फोन कानाला
जरा जास्तच दाबून धरते.

परवा कर्वे पुतळ्यापाशी एक मुलगी भेटली,
पाठीवर सॅक, काखेत गादीची वळकटी,
हॉस्टेलचा पत्ता शोधत.
मी म्हटलं, सरळ जा,
पूर्वी सायकलचं दुकान होतं ना,
तिथून डावीकडे.

ती बघत राहिली.
मीही.
ते दुकान मी कधी पाहिलेलं नाही.
मी यायच्या आधीच तिथे मोबाईलचं शोरूम झालं होतं.
मलाही कुणीतरी असंच सांगितलं होतं,
बहुतेक रिक्षावाल्यानं,
आणि मी त्याच वळणावर दोनदा
पुढे जाऊन परत आले होते, रडकुंडीला.

वळकटीचं एक टोक मी धरलं.
"नवीन आलीस?"
पुढचा प्रश्न जिभेवर होता,
तो तिथेच ठेवला.
ती तिच्या गावच्या बाजाराबद्दल सांगत होती,
बुधवारच्या, आणि तिथल्या हिरव्या बोरांबद्दल.
वळकटीची दोरी सारखी सुटत होती,
आम्ही थांबून बांधत होतो,
आणि मी ऐकून राहिली होती.